पद्मिनीला रॅप करू की रंगच मारू?

ठाणेकर: काकांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आलीय. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हा पांढरी होती, मधे कधीतरी कुणीतरी राखाडी मारली. इंजिन ठणठणीत, पण रंगाची पार रया गेलीय. बॉनेटवरून हात फिरवला की पंजा राखाडी होतो. डेंटर म्हणतो पत्र्यापर्यंत खरवडून नव्याने रंग, दोन महिने लागतील. रॅपवाला, म्हणजे गाडीवर रंगीत प्लास्टिकची फिल्म चिकटवणारा, म्हणतो आठवड्याच्या आत गाडी घेऊन जा. माझं मन रॅपकडे आहे. मला पिस्ता रंग हवाय, उद्या कंटाळा आला तर सोलून टाकता येईल. विरोध असेल तर कारणासकट सांगा. नुसतं "क्लासिकला स्टिकर शोभत नाही" नको.

पत्र्याचा माणूस: कारण तुम्हीच लिहिलंय. हात राखाडी होतोय ना? फिल्म पत्र्याला चिकटत नसते, रंगाच्या सगळ्यात वरच्या थराला चिकटते. तो थरच भुकटी होऊन सुटतोय, तर फिल्मने धरायचं कशाला? आणि "सोलून टाकता येईल" हे कंपनीच्या भट्टीत भाजून निघालेल्या रंगापुरतं खरं. गल्लीत मारलेल्या रीपेंटवरून फिल्म ओढली की पापुद्रे सोबत येतात, खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असेल तर तीही. मग रॅपचे पैसे गेलेच, वर रंगाचा खर्च आहेच.

रोलवाला: मी हेच काम करतो, तेव्हा माझं मत त्या हिशेबाने घ्या. रॅप बदनाम झालाय तो स्वस्त कॅलेंडर्ड, म्हणजे रुळांत लाटून काढलेल्या, फिल्ममुळे. ती बोर्डांसाठी ठीक, पण गोलाईवर ताणून बसवली की उन्हात आक्रसते आणि कडा उचलतात. कास्ट फिल्म घ्या, ती पातळ ओतून बनवतात. कडा आणि खाचा बसवून झाल्यावर 90 अंशांच्या वर तापवून घ्यायला लावा, म्हणजे ती परत मूळ आकाराकडे ओढ घेत नाही. भुकटीचं म्हणाल तर कंपाउंड (घासायची पेस्ट) मारून, धुऊन, अल्कोहोलने पुसून खालचा घट्ट थर लागेपर्यंत जायचं. मग चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंग पट्टीवर आला तर मी स्वतःच काम घेत नाही. आणि डेंटरचे दोन महिने म्हणजे किती, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

कोकण्या: आमच्याकडे खारा वारा आणि चार महिने पाऊस, म्हणून माझा मुद्दा गंजाचा. रंगावर गंजाचा फोड आला की तांदळाएवढा असतानाच दिसतो. फिल्मखाली तो झाकला जातो, वर दिसेपर्यंत आत भोक पडलेलं. पद्मिनीच्या टपाला बाजूने पन्हळ आहे, तिथे पाणी साचतं आणि फिल्मची कडही नेमकी तिथेच संपते. शिवाय दार उघडलं की बाहेर पिस्ता, आत राखाडी! चौकटीत फिल्म नीट बसत नाही आणि बसवायचे पैसे वेगळे.

हळूचालक: थोडं तिसरंच. 1978 चा मूळ पांढरा रंग शाबूत असता तर मी म्हटलं असतं, दोन्ही नको, मेण लावा आणि फिरवा. मूळ रंग एकदाच असतो. इथे तो आधीच झाकला गेलाय, त्यामुळे खरवडायला माझी हरकत नाही. पण हल्ली रंगवतात कसं बघा. वर क्लिअरकोटचा, म्हणजे पारदर्शक लॅकरचा, जाड थर, गाडी काचेसारखी चकचकीत. त्या काळच्या गाड्यांना ती चकाकी नव्हतीच. अशा पेंटपेक्षा साधी सॅटिन (मंद चकाकीची) फिल्म डोळ्याला कमी खुपते, हे मी रंगाच्या बाजूचा असूनही सांगतो.

पत्र्याचा माणूस: मग क्लिअरकोट नको म्हणून सांगा, सिंगल स्टेज, म्हणजे वर वेगळा पारदर्शक थर नसलेला रंग, मारून मिळतो. पेंटर वाईट म्हणून रंग वाईट होत नाही.

कागदवाला: आरसीवर रंग काय लिहिलाय ते बघा. गाडी त्याहून वेगळ्या रंगाची केली तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते, मग तो रंग डब्यातला असो की रोलमधला. "रॅप म्हणजे रंग नव्हे" हा वाद नाक्यावर हवालदाराशी घालून बघा. दुसरं, 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी आणि 'VA' अक्षरांचा व्हीए नंबर मिळतो. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नको. पण त्या नंबरावर रोजचं फिरणं बंद, रॅली-प्रदर्शन वगैरेच.

भायखळा: पिस्ता कशाला, काळी-पिवळी रॅप करा की! ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हापासून मुंबई उदास आहे.

कागदवाला: आणि पहिल्याच सिग्नलला कुणीतरी मागचं दार उघडून "दादर चलो" म्हणेल.

ठाणेकर: आरसीवर पांढराच आहे, म्हणजे राखाडीचीही नोंद नाही. तो घोळ आधी निस्तरतो. रोलवाल्यांची चिकटपट्टी करून पाहिली. टप आणि डिकीवर पट्टी साफ, बॉनेटवर डाग आला. लोहचुंबकही फडक्यात गुंडाळून फिरवला. डाव्या मागच्या चाकावरच्या मडगार्डला वीतभर जागेत धरतच नाही, खाली पडतो.

पत्र्याचा माणूस: तिथे पत्रा नाही, नुसती लांबी आहे. त्यावर पिस्ता लावा नाहीतर सोन्याचा मुलामा द्या.

रोलवाला: हे मान्य. तेवढा पत्रा कापून नवा घाला, तो भाग आणि बॉनेट रंगवून घ्या. मग काही आठवडे थांबा, ताज्या रंगातला थिनर उडून जायला हवा, नाहीतर फिल्मखाली फुगे येतात. त्यानंतर रॅप.

कोकण्या: आणि दारांच्या चौकटी आधी पिस्ता मारून घ्या.

पत्र्याचा माणूस: मडगार्ड मारायचं, बॉनेट मारायचं, चौकटी मारायच्या. मग टप आणि डिकीनेच काय घोडं मारलंय?