पडत्या बाजारात कागदी लाख : तुमचे अनुभव सांगा

फोंड्याहून, धागा काढणारा

2024 ची दिवाळी. आदल्या पहाटे नरकासुर जाळून आलेली आमची भाचे-पुतण्यांची फौज लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही जांभया देत होती. त्या वर्षी शेअर बाजाराचे मुहूर्ताचे सौदे सहा ते सात होते, ते टीव्हीवर चालू होते. कोणीतरी म्हणालं, बाजार पडायला लागलाय, आता घ्यायला हवं. दुसरा म्हणाला, पैसे कुठायत? त्यावर आमची आत्या फोव खाता खाता म्हणाली, "मग खोटे घ्या."

तिथून खेळ सुरू झाला. प्रत्येकाला एक लाख खोटे रुपये. किमान पाच कंपन्या. भाव त्या दिवसाचा बंद भाव. घेताना अर्धा टक्का, विकताना अर्धा टक्का खर्च म्हणून कापायचा, कारण दलाली आणि एसटीटी (सौद्यावरचा कर) कुणाला चुकत नाही. बक्षीस काही नाही. मुदत मार्चअखेर.

त्या संध्याकाळी निफ्टी (पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) 24,304 वर बंद झाला. सप्टेंबरात तो 26,277 पर्यंत जाऊन आला होता, म्हणजे आम्ही पडझडीत उतरलो याबद्दल वाद नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी तो 22,125 च्या खाली. ऑक्टोबरपासून सलग पाच महिने घसरण, असं 1996 नंतर पहिल्यांदाच घडलं होतं. 28 मार्चला, आमच्या शेवटच्या दिवशी, 23,519.

मी काय घेतलं? जे रोज बसमधून दिसतं ते. उसगावचा एमआरएफ, पण त्याचा एक शेअरसुद्धा लाखात बसेना. मग नेस्ले, वेर्ण्याला कारखाना आहे म्हणून सिप्ला, नावात गोवा आहे अशा दोन छोट्या कंपन्या, आणि पाच भरायला आणखी एक. नावात गोवा हे शेअर घ्यायचं कारण होऊ शकतं हे आज लिहितानाही लाज वाटते. पडझडीत छोटे शेअर बहुधा मोठ्यांपेक्षा जास्त जोरात आपटतात, हे मला पुस्तकी माहीत होतं. माझ्या लाखातले बारा हजार गेले.

आत्याने पाच कंपन्या निवडल्याच नाहीत. सगळ्या लाखाचं निफ्टी बीस (निफ्टीतल्या सगळ्या कंपन्यांचा एकच फंड) घेतलं. नियम मोडला म्हणून आरडाओरडा झाला तर म्हणाली, "यात पन्नास आहेत. तुमच्या पाचांपेक्षा जास्त की कमी?" तिचे सुमारे चार हजार गेले आणि नऊ जणांत ती दुसरी आली. पहिला आला तो साठ हजार रोख ठेवून बसलेला पुतण्या. तो खेळला की नुसता बसला, यावर चवथीलाही भांडण झालं.

तुम्ही असं काही केलंय का? खोट्या पैशांनी, पडत्या बाजारात? काय निवडलं, का निवडलं आणि वहीत काय राहिलं ते लिहा. खरे पैसे किती कमावले ते इथे नको.

कांदोळीहून

2020. मी हॉटेलात होतो, फ्रंट ऑफिसला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रूम्स रिकाम्या झाल्या. मग जनता कर्फ्यू आला, तो आमच्याकडे संपलाच नाही. किराणा मिळत नव्हता. घरात मी, बायको, सासू आणि दीड किलो उकडे तांदूळ. 23 मार्चला सकाळी निफ्टी दहा टक्के पडून बाजार पाऊण तास बंद ठेवला, उघडल्यावर आणखी पडला, दिवसभरात तेरा टक्के. बायकोचा भाऊ मुंबईत, तो फोनवर म्हणाला, आज कागदावर पाच शेअर लिही आणि विसरून जा.

मी लिहिले. दोन औषधांचे, एक साबणाचा, एक बिस्किटांचा, एक बँकेचा. त्याने विचारलं, हॉटेलचा का नाही? तू तर त्यातला माणूस. मी त्याला झापलं. म्हटलं, मी रोज चावीचा बोर्ड बघत होतो, सगळ्या चाव्या लटकत होत्या, तुला काय कळतंय!

ताजवाल्या इंडियन हॉटेल्सचा भाव तेव्हा दोन महिन्यांपूर्वीच्या जवळजवळ निम्म्यावर होता, सत्तर-पंचाहत्तर. 2024 सरताना तो आठशेच्या वर होता. माझ्या पाचांनीही बरं केलं, निफ्टी तर नोव्हेंबर 2020 मध्येच जुन्या शिखरावर परत आला. पण मला सलतं ते वेगळंच. त्या यादीत धंदा मला फक्त एकच ठाऊक होता आणि नेमका तोच मी खोडला. लटकणाऱ्या चाव्या दिसत होत्या. त्या परत कधीतरी उचलल्या जातील, हे त्या बोर्डासमोर उभं राहून दिसत नाही.

(मला जूनमध्ये घरी बसवलं. ती गोष्ट वेगळी.)

साखळीजवळून, ट्रकवाला

वरच्या भावाच्या उलट माझं. तो धंदा ओळखून घाबरला, मी धंदा ओळखून फसलो. कागदावरच, देवाची कृपा.

आमच्याकडे खाण म्हणजे काय ते बाहेरच्याला समजणार नाही. ट्रक, बार्ज, गॅरेज, चहाचा गाडा, सगळं त्यावर. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुढच्या महिन्यात सुप्रीम कोर्टाचाही आदेश आला. माझे दोन ट्रक अंगणात. टायरांत पाणी साचून डास व्हायला लागले. 2014 च्या एप्रिलमध्ये कोर्टाने परवानगी दिली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून. मग 2018 च्या फेब्रुवारीत 88 लीज रद्द, 16 मार्चपासून पुन्हा बंद.

मुलगा तेव्हा बारावीला. कॉमर्सच्या सरांनी त्यांना वहीतला पोर्टफोलिओ करायला सांगितला होता. मला म्हणाला, बाबा, एक तुम्ही सांगा. मी म्हटलं, सेझा. का? म्हटलं, खाण परत सुरू होणार ती होणारच, तेव्हा बघ. तो हसला. सेझा गोवा नावाची कंपनी बाजारात राहिलीच नव्हती. 2013 मध्ये स्टरलाइट तिच्यात मिसळली, 2015 मध्ये नाव झालं वेदांता. त्याने मला तिचा वार्षिक अहवाल मोबाइलवर दाखवला. जस्त, ॲल्युमिनियम, राजस्थानातलं तेल. आमच्या डोंगराचं खनिज त्यात कुठेतरी कोपऱ्यात.

म्हणजे मी ज्या शेअरवर पैज लावत होतो तो माझ्या दारासमोरच्या खाणीचा नव्हताच. दारातली खाण बंद असताना तो वर जाऊ शकत होता, आणि खाण चालू झाली तरी लंडनला जस्ताचा भाव पडला म्हणून खाली येऊ शकत होता. तरीही मी वहीत तोच लिहायला लावला. पोरगा म्हणाला, ही गुंतवणूक नाही बाबा, हा नवस आहे.

वास्कोकर

माझा छोटा आणि मूर्खपणाचा.

सप्टेंबर 2024 मध्ये वही सुरू केली, अगदी शिखरावर. रिलायन्सचे दहा शेअर घेतले. ऑक्टोबरभर बाजार खाली, मीही रोज खाली. 28 तारखेला कामावरून येऊन भाव बघतो तर निम्मा! साडेसव्वीसशेच्या आसपास होता तो तेराशेवर. बाजार पडतोय हे डोक्यात इतकं बसलं होतं की शंकाच आली नाही. तिथल्या तिथे वहीत "विकले" लिहिलं, खाली लाल रेघ मारली, बायकोलाही सांगितलं की बघ, बरं झालं खरे पैसे नव्हते.

एकास एक बोनस होता. दहाचे वीस झाले होते. ही गोष्ट ऑफिसातल्या शिपायाने मला दुसऱ्या दिवशी सांगितली.

> फोंड्याहून: आमच्या खेळात असाच घोळ आयटीसीवर झाला. 6 जानेवारी 2025 ला हॉटेलचा धंदा भावातून वेगळा काढला, दहा आयटीसीमागे आयटीसी हॉटेल्सचा एक. ते शेअर बाजारात आले 29 तारखेला. मधले तीन आठवडे भाचीच्या वहीत पाच टक्के हवेत लटकले होते. शेवटी "येणे" असा रकाना पाडला. खरं डिमॅट (शेअर ठेवायचं खातं) हे सगळं आपोआप करतं. वहीत आपणच कारकून.

कुडचड्याची बाय

मी पेन्सिलने लिहायचे. पुढचं सांगायला हवं का?

बरं, सांगते. 2022 च्या उन्हाळ्यात, मी आणि माझी जाऊ. फक्त आम्ही दोघी, बघणारं तिसरं कुणी नाही. सोमवारी लिहिलेला शेअर बुधवारी पडला की मी सोमवारच्या जागी बुधवारचा भाव लिहायचे. "मी तेव्हा थांबणारच होते" असं मनाला सांगून. महिन्याने माझी वही जावेच्या पुढे सात टक्के. तिने वही उजेडात धरली तर खोडलेलं सगळं दिसलं. ती काही बोलली नाही. तिच्या वहीची पानं पुढे केली. तिनेही खोडलं होतं, फक्त व्हाइटनरने.

पेडण्याहून

आमच्याकडे नवा विमानतळ आल्यापासून जो तो जमिनीचं बोलतो. शेअर कोण घेणार? वाचतोय मात्र.

फर्मागुडीचा विद्यार्थी

आमच्या हॉस्टेलवर वहीबिही नव्हती, ॲप होतं. खोटे दहा लाख मिळायचे, भाव खरे, सेकंदासेकंदाला हलणारे. खेळायला पन्नास रुपये फी आणि आठवड्याला पहिल्या तिघांना बक्षीस. पाच दिवसांत पहिलं यायचं तर काय कराल? ज्या शेअरमध्ये सगळ्यात जास्त उड्या तो घ्याल. चांगली कंपनी घेणारा नेहमी मधे कुठेतरी चारशेव्या नंबरवर. आमच्यातला एक जण दोनदा तिसरा आला, त्याला वाटलं जमतंय, आणि घरून आलेल्या फीच्या पैशांनी ऑप्शन्समध्ये (शेअर न घेता पुढच्या भावावर लावायचे सौदे) उतरला. किती गेले ते तो अजून सांगत नाही. बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनेच 2024 मध्ये सांगितलंय की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स खेळणाऱ्या दर शंभर लोकांपैकी त्र्याण्णव तोट्यात होते. तो आकडा वसतिगृहाच्या नोटीस बोर्डावर मीच लावला, उशिरा.

> फोंड्याहून: मे 2024 मध्ये सेबीने बाजारांना सांगितलं की असल्या खोट्या सौद्यांच्या खेळांना चालू भाव पुरवायचे नाहीत. शिकवण्यासाठीसुद्धा शिळे भाव द्यायचे. म्हणून आमचा खेळ दिवसातून एकदा, रात्री जेवल्यावर. आणि बक्षीस ठेवलं नाही ते बरंच केलं असं आता वाटतं.

मडगावहून, निवृत्त

तुम्ही सगळे अलीकडचे. माझी वही 2008 ची आहे, एलआयसीची डायरी.

21 जानेवारी, सोमवार. सेन्सेक्स एका दिवसात 1,408 अंश पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडला आणि बंद पाडावा लागला. अकराच दिवसांपूर्वी तो 21,200 ला शिवून आला होता. मी बँकेत होतो. आमच्या काउंटरवर लोक ठेवी मोडून आयपीओला (नव्या शेअरच्या पहिल्या विक्रीला) पैसे घालत होते, त्यांना बघून मला चेव आला होता, पण हिंमत नव्हती. म्हणून डायरीत. माझा सिद्धांत असा : पडतोय म्हणजे स्वस्त होतोय. बांधकामाच्या एका कंपनीचा शेअर (नाव नको) आठशेला लिहिला. सहाशेला आला, तितकेच अजून लिहिले. चारशेला अजून. सरासरी खाली आल्याचा केवढा आनंद! दोनशेला मी खोटे पैसे उसने काढले. कागदावर कर्ज. बायकोने ते पान वाचून विचारलं, "हे फेडणार कोण?"

ऑक्टोबरात सेन्सेक्स आठ हजारांच्या खाली गेला. माझा शेअर पन्नासच्या आत होता. सेन्सेक्स पुढे दोन-अडीच वर्षांत परत वर आला. माझा शेअर आला नाही. निम्म्यावर आलेल्याला मूळ जागी यायला दुप्पट व्हावं लागतं, हे मी काउंटरवर बसून रोज टक्केवारी करणारा माणूस, मला कुणी सांगायला नको होतं. त्या शेअरच्या कंपनीवर कर्ज किती आहे हे मी एकदाही बघितलं नाही. बँकेत पाच हजारांचं कर्ज द्यायला मी दोन जामीन मागत असे.

> कुडचड्याची बाय: डायरी पेनने लिहिली होती ना? मग आमच्यापेक्षा बरे.

म्हापशाहून

मी फोंडेकरांच्या त्या नऊ जणांपैकी एक. रोखवाला पुतण्या मीच. नुसता बसलो नव्हतो, काका. दर शुक्रवारी आठवडी बाजाराला येताना बसमध्ये यादी काढायचो आणि कर्ज फार असलेली नावं काटायचो. घ्यायला उरायचं कमी, म्हणून रोख.

मार्चमध्ये जिंकल्यावर ठरवलं, आता खरं. डिमॅट उघडलं, पगारातले दहा हजार टाकले. यादी तयार, भाव ठरलेले, त्याच्या खाली आला की घ्यायचं. 7 एप्रिल 2025. अमेरिकेच्या आयात शुल्काच्या बातमीने सकाळीच सगळं कोसळलं. सेन्सेक्स दिवसअखेर 2,226 अंश खाली. माझे पाचपैकी चार शेअर ठरवलेल्या भावाच्या खाली आले. खेळात असतो तर चारी घेतले असते, डोळे मिटून.

मी दुकानाच्या मागे उभा होतो, हातात मोबाइल. एकच शेअर, किंमत दोन हजारांच्या आत. बटणावर अंगठा ठेवला आणि उचलला. परत ठेवला. गिऱ्हाईक आलं, त्याला उडीद दिले. परत आलो. साडेतीनला बाजार बंद झाला तेव्हा खात्यात दहा हजार तसेच.

घरी जाऊन जुनी वही काढली आणि त्या दिवसाच्या भावाने चारी शेअर तिच्यात लिहिले. पेनने. आत्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "खेळ मार्चलाच संपला, बाबा. हे धरणार नाही."