नगरसेवक आयुक्तांना हटवू शकतात का?

शाळेच्या_रस्त्यावरून: नवी मुंबईत राहते. मुलीच्या शाळेच्या फाटकासमोर गटारावरचं झाकण जूनपासून फुटलंय. वडापाववाल्याने त्यावर जुन्या दाराची फळी टाकलीय, पोरं तिच्यावरून उड्या मारत जातात. नगरसेवक म्हणतात, "मी पत्र दिलंय, आयुक्त फाइल अडवतात." अभियंता म्हणतात, "साहेबांकडे फाइल गेलेलीच नाही." सोसायटीतले एक काका म्हणाले, सगळे नगरसेवक एक झाले तर आयुक्तांनाच घालवतील. खरंच घालवता येतं?

निवृत्त_कारकून: ताई, कायद्यात आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश जणांनी ठराव केला, तर सरकारने आयुक्तांना परत बोलवायचं. पण त्याच कायद्यात कलम ४५१ पण आहे, सरकार महासभेचा ठराव निलंबित करू शकतं. आपल्याकडेच २५ ऑक्टोबर २०१६ ला तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. १११ च्या सभागृहात ७० पुरले असते. सरकारने तो लागू होऊ दिला नाही. मग मार्च २०१७ मध्ये सरकारनेच त्यांना पुण्याला पीएमपीएमएल या बस कंपनीत पाठवलं.

तुमच्या झाकणाचं सांगतो. एका पालिकेत मी आवक-जावकला ३२ वर्षं काढली. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा कागद बहुतेक वेळा तिसऱ्याच टेबलावर असतो, "तरतूद आहे का" एवढ्या एका शेऱ्यासाठी. नगरसेवकांच्या पत्राचा आवक क्रमांक मागा. मिळाला की माहिती अधिकारात टिपणीची प्रत मागा. प्रत्येक सहीखाली तारीख असते.

ऐरोलीकर: नगरसेवक हवेतच कशाला? मे २०२० मध्ये मुदत संपल्यावर प्रशासक होतेच की. कटकट नव्हती.

निवृत्त_कारकून: हे मला अजिबात पटत नाही. त्या काळात अंदाजपत्रक प्रशासकांनीच करायचं आणि त्यांनीच मंजूर करायचं. महासभेत उभं राहून पैसे कुठे गेले विचारणारं कुणी नव्हतं. एका नगरसेवकाने माझ्या टेबलावर पेपरवेट आपटला होता, काच तडकली. वॉर्डात पाणी नव्हतं म्हणून आपटला होता. त्याच आठवड्यात लाइन टाकली गेली. माणूस उद्धट होता, पण मी त्याला आजही मानतो.

शाळेच्या_रस्त्यावरून: काका, क्रमांक मिळाला. पत्र ४ जुलैचं आहे, दुसऱ्याच दिवशी अभियंता शाखेने सही करून घेतलंय. माहिती अधिकाराचा अर्ज आज टाकला. फळी अजून तिथेच आहे.