जँगो ३.२ वरून थेट ५.२: वेळा साडेपाच तास पुढे, फॉर्मला ४०३, सीएसएस जुनीच. मदत हवी आहे

कळफलक

जँगोत (पायथनमधली वेबसाइट बांधायची चौकट) केलेली, अर्ज भरून घेणारी साइट आहे. पायथन ३.१२, मायएसक्यूएल ८.०, पुढे एनजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या घेणारा वेब सर्व्हर), मागे गनिकॉर्न (जँगो चालवणारा सर्व्हर). टाइम_झोन 'एशिया/कोलकाता' आहे. यूज_टीझेड (वेळा टाइम झोनसकट हाताळायच्या का, ते ठरवणारी) ही ओळ सेटिंग्जमध्ये कधीच नव्हती. काल रात्री ११ वाजता जँगो ३.२ वरून ५.२ केलं. मायग्रेशन्स (डेटाबेसच्या रचनेतले बदल) विनातक्रार झाली. आता पुढच्या अडचणी आहेत:

१. फॉर्म पाठवला की ४०३ (परवानगी नाही). संदेश: 'ओरिजिन चेकिंग फेल्ड', आणि पुढे आमचाच पत्ता 'डझ नॉट मॅच एनी ट्रस्टेड ओरिजिन्स'. सीएसआरएफ_ट्रस्टेड_ओरिजिन्समध्ये (कुठल्या पत्त्यांवरून आलेले फॉर्म स्वीकारायचे त्या यादीत) आधी टिंबाने सुरू होणारं डोमेन होतं. चेक कमांडने ४_०.ई००१ दाखवल्यावर टिंब काढून एचटीटीपीएस:// लावलं. साइट मात्र 'अर्ज.' या सबडोमेनवर चालते.

२. जुन्या अर्जांच्या वेळा साडेपाच तास पुढे दिसतात, सकाळी १० चा अर्ज दुपारी ३:३० चा. नव्या अर्जांच्या वेळा बरोबर. आणि 'आजचे अर्ज' ही यादी रिकामी येते. तिथे फिल्टर तारखेवर आहे.

३. सीएसएस बदलली तरी लोकांना जुनीच दिसते. पानाच्या सोर्समध्ये फाइलच्या नावातला हॅश (मजकूर बदलला की बदलणारा सांकेतिक तुकडा) गायब आहे. स्टॅटिकफाइल्स_स्टोरेजला मॅनिफेस्ट स्टोरेज (नावात हॅश घालणारं) दिलेलं आहे.

४. लॉगआउटच्या दुव्यावर ४०५ (विनंतीची ही पद्धत चालत नाही).

आतले कर्मचारी ॲडमिनमधून नोंदी करताहेत. त्यांचा पत्ता वेगळा आहे आणि तिथे ४०३ येत नाही. सुरुवात कुठून करू?

---

सह्यवेल

४०३ बाजूला ठेवा, दुसरा मुद्दा आधी घ्या. बाकीच्या तीन अडचणी उद्या सोडवल्या तरी काही बिघडत नाही. ही मात्र दर मिनिटाला तुमच्या डेटाबेसमध्ये भेसळ करतेय.

जँगो ५.० पासून यूज_टीझेडचा डिफॉल्ट फॉल्सवरून ट्रू झाला. तुमच्या सेटिंग्जमध्ये ओळच नसल्यामुळे तो आपोआप बदलला. मायएसक्यूएलच्या डेटटाइम कॉलममध्ये झोनची माहिती नसते. जुने आकडे भारतीय वेळेचे आहेत, पण जँगो ते यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) समजून वाचतं आणि दाखवताना ५:३० मिळवतं. नव्या नोंदी मात्र यूटीसीतच लिहिल्या जाताहेत. म्हणजे एकाच कॉलममध्ये दोन प्रकारच्या वेळा. पोस्टग्रेस असतं तर हा घोळ झाला नसता, तिथे जँगो झोनसकट कॉलम बनवतं.

आत्ता लगेच करायचं ते असं:

कर्मचाऱ्यांना निरोप द्या की चुकीची दिसणारी वेळ हाताने दुरुस्त करू नका. जुना अर्ज उघडून नुसता सेव्ह केला तर आकडा तसाच राहतो, कारण दाखवताना मिळवलेले ५:३० लिहिताना वजा होतात. पण कुणी ३:३० चे १० केले, तर डेटाबेसमध्ये ४:३० जाऊन बसतं, आणि अशी नोंद नंतर कुठल्याही क्वेरीला ओळखू येत नाही.

मग साइट बंद ठेवा, मायएसक्यूएलडंपने डेटाबेसची प्रत घ्या, सेटिंग्जमध्ये यूज_टीझेड = फॉल्स अशी ओळ स्पष्ट लिहा आणि गनिकॉर्न रिस्टार्ट करा. जुने अर्ज तेवढ्याने बरोबर दिसतील. रात्री ११ नंतरचे अर्ज आता साडेपाच तास मागे दिसतील, त्यांना ३३० मिनिटं मिळवायची. अर्ज दाखल झाल्याच्या वेळेसाठी कॉलममधल्या वेळेवर अट लावू नका, आयडीवर लावा. अपग्रेडआधीच्या शेवटच्या अर्जाचा आयडी काढा आणि त्यापुढच्या ओळींवरच डेट_ॲड (वेळेत मिनिटं मिळवणारं फंक्शन) चालवा. भारतात घड्याळं मागेपुढे होत नाहीत, त्यामुळे ३३० हा आकडा बाराही महिने चालतो.

शेवटच्या बदलाची वेळ ठेवणारा, म्हणजे ऑटो_नाऊवाला कॉलम असेल तर तिथे खरी अडचण आहे. काल संध्याकाळी ५:३० ते रात्री ११ मधला आकडा दोन्ही प्रकारचा असू शकतो: अपग्रेडआधी भारतीय वेळेत लिहिलेला, किंवा अपग्रेडनंतर यूटीसीत. त्या पट्ट्यातल्या ओळी एनजिनएक्सच्या ॲक्सेस लॉगशी ताडून पाहा. ११ च्या पुढचे आकडे मात्र निःशंकपणे यूटीसीतले आहेत.

---

कळफलक

निरोप दिला, साइट बंद केली, डंप घेतला. 'आजचे अर्ज' रिकामी का येत होती? आणि यूज_टीझेड कायम फॉल्स ठेवलं तर चालेल का?

---

सह्यवेल

ट्रू असताना तारखेचा फिल्टर मायएसक्यूएलच्या कन्व्हर्ट_टीझेड या, वेळ एका झोनमधून दुसऱ्यात बदलणाऱ्या फंक्शनमधून जातो. सर्व्हरवर टाइम झोनची कोष्टकं भरलेली नसली तर ते फंक्शन नल (रिकामी किंमत) देतं, आणि नल कुठल्याच तारखेशी जुळत नाही. एरर येत नाही, यादी फक्त रिकामी येते. फॉल्स केल्यावर ती पूर्ववत होईल.

सगळे वापरणारे भारतात असतील तर फॉल्स चालतं. ट्रूकडे जायचं ठरवलंत तर ते काम वेगळ्या दिवशी काढा. आधी मायएसक्यूएल_टीझेडइन्फो_टू_एसक्यूएलला /यूएसआर/शेअर/झोनइन्फो देऊन येणारं आउटपुट मायएसक्यूएलच्या 'मायएसक्यूएल' नावाच्या डेटाबेसमध्ये भरा. मग साइट बंद ठेवून सगळ्या डेटटाइम कॉलममधून ३३० मिनिटं वजा करा. लास्ट_लॉगिन, डेट_जॉइन्ड आणि ॲडमिन लॉगची वेळ हे जँगोचे स्वतःचे कॉलम हमखास राहून जातात.

---

टिंबटिंब

४०३ बद्दल. ३.२ मध्ये रेफररची (विनंती कुठल्या पानावरून आली त्याची) तपासणी विनंती सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएसवरची, असेल तरच व्हायची. एनजिनएक्सच्या मागे जँगोला सगळं साधं एचटीटीपी वाटत होतं, म्हणून ती तपासणी कधी झालीच नाही. ४.० पासून ब्राउझरने ओरिजिन हेडर (फॉर्म कुठल्या पत्त्यावरून आला ते सांगणारी ओळ) पाठवला की तो तपासला जातोच. ब्राउझर म्हणतो एचटीटीपीएस, जँगो म्हणतं एचटीटीपी, आणि ट्रस्टेड यादीत तुमचं सबडोमेन नाही.

यादीत नाव घातलं की ४०३ जाईल. पण जँगोला एचटीटीपी वाटतं हा मूळ दोष तसाच राहील, म्हणून आधी तो काढा. एनजिनएक्सच्या लोकेशनमध्ये प्रॉक्सी_सेट_हेडरच्या दोन ओळी हव्यात: होस्टला $होस्ट आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटोला $स्कीम. जँगोत सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर = ('एचटीटीपी_एक्स_फॉरवर्डेड_प्रोटो', 'एचटीटीपीएस'). गनिकॉर्नचा पोर्ट बाहेरून उघडा असेल तर ही सेटिंग लावू नका, कुणीही तो हेडर स्वतः पाठवून जँगोला फसवू शकेल. आधी गनिकॉर्न १२७.०.०.१ वर किंवा सॉकेटवर बांधा. इतर सबडोमेनवरूनही फॉर्म येत असतील तरच यादीत एचटीटीपीएस://*. पुढे डोमेन असं लिहा. जुन्या टिंबाची जागा आता या ताऱ्याने घेतली आहे.

गनिकॉर्न सुरू होताना जँगोचे चेक चालत नाहीत, त्यामुळे ई००१ सारखी चूक असूनही साइट उभी राहते. डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये रिस्टार्टच्या आधी 'चेक --डिप्लॉय' घाला.

तिसरा मुद्दा: स्टॅटिकफाइल्स_स्टोरेज ४.२ मध्ये कालबाह्य ठरलं आणि ५.१ मध्ये निघून गेलं. आता ती ओळ जँगो वाचतच नाही. स्टोरेजेस नावाची डिक्शनरी लिहा आणि तिच्यात 'डिफॉल्ट' व 'स्टॅटिकफाइल्स' या दोन्ही किल्ल्या द्या. फक्त दुसरी दिलीत तर सीएसएस सुधारेल, पण अर्जासोबतच्या फाइल अपलोड होताना 'डिफॉल्ट' सापडत नाही म्हणून एरर येईल. मग कलेक्टस्टॅटिक (सीएसएस, जेएस वगैरे फाइल एका जागी गोळा करणारी कमांड). ते एखाद्या .मॅप फाइलपाशी अडलं तर दचकू नका. ४.० पासून मॅनिफेस्ट स्टोरेज जावास्क्रिप्टमधले सोर्समॅपचे (मूळ कोडशी सांगड घालणाऱ्या .मॅप फाइलचे) संदर्भही तपासतं. ती फाइल आणून ठेवा, नाहीतर जेएसच्या शेवटची सोर्समॅपिंगयूआरएल ही ओळ काढा.

लॉगआउट ५.० पासून फक्त पोस्टने (फॉर्म पाठवण्याच्या पद्धतीने) होतं. दुव्याच्या जागी सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटचा असल्याची खूण) असलेला छोटा फॉर्म आणि बटण.

---

सह्यवेल

स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर) एक काम नक्की करा. मधला ४.२ बसवा आणि पायथन -डब्ल्यूए मॅनेज.पीवाय टेस्ट चालवा. यूज_टीझेडचा डिफॉल्ट बदलणार आणि स्टॅटिकफाइल्स_स्टोरेज जाणार, या दोन्ही सूचना ४.२ देतं. पण पायथन अशा सूचना एरवी लपवतं, म्हणून -डब्ल्यूए हवंच. थेट ५.२ वर गेलं की त्या सूचना दिसायची संधीच राहत नाही. तुमच्या कोडमध्ये अजून काय दडलंय ते तिथेच कळेल. इंडेक्स_टुगेदर, पायटीझेड आणि यूज_एल१०एन हे शब्द कोडमध्ये कुठे आहेत ते ग्रेप कमांडने शोधूनही घ्या.