रंगाचा ठिपका कवचाबरोबर जातो
ओढ्यात खेकडे किती आहेत हे मोजायला पाठीवर रंगाचा ठिपका देऊन ते सोडायचे आणि पुन्हा पकडून संख्या काढायची, ही पद्धत चांगलीच आहे. खुणेचे ४० सोडले, दुसऱ्या खेपेला ५० सापडले, त्यात खुणेचे १०, म्हणजे पाचांत एक खुणेचा, तर एकूण खेकडे ४० च्या पाचपट, साधारण २००. पण खेकडा कात टाकतो तेव्हा ठिपकाही जातो! मग जुनाच खेकडा नवा म्हणून मोजला जातो आणि आकडा फुगतो. त्यामुळे दोन खेपांत थोडेच दिवस ठेवा. पकडताना नुसत्या पिंजऱ्यावर विसंबू नका, लहान खेकडे बहुतेक दगडांखालीच मिळतात (दगड परत तसाच ठेवा, कृपया).

कवचाची रुंदी मोजून झाली की खेकडा उलटा करून बघा. नराची पोटपट्टी (पोटाखाली दुमडलेली पट्टी) अरुंद, मादीची रुंद, गोलसर. तिच्याखाली अंडी किंवा चिमुकली पिल्लं दिसली तर ती नोंद सर्वांत मोलाची. अनेक समुद्री खेकडे लाखांनी अंडी घालतात, अळ्या दूरवर वाहून जातात. आयुष्यभर गोड्या पाण्यात राहणाऱ्यांची अंडी मोठी पण थोडी. त्यातून थेट छोटे खेकडेच निघतात आणि काही काळ आईच्या पोटाखाली राहतात. म्हणूनच एखादा ओढा रिकामा झाला तर अळ्या वाहत येऊन तो पुन्हा भरत नाही. अशी मादी हातात आली तर मोजमाप न लांबवता लगेच पाण्यात सोडा.