विषय: इकडचा घटस्फोट तिकडे चालतो का?

समिती:
नमस्कार मंडळी, एका सभासद भगिनीचा प्रश्न नाव न देता पाठवत आहोत. लग्न पुण्यात, वैदिक पद्धतीने. संसार लंडनमध्ये. नवऱ्याने इथल्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज केलाय. माहेरचे म्हणतात, "लग्न आपल्याकडचं, तिकडच्या कागदांना उत्तरच देऊ नकोस, लेकीला घेऊन ये." या भगिनीने काय करावं?

उत्तर:
ताई, आधी एक काम करा. कागद मिळाल्याची पोच 14 दिवसांत द्यायची असते, ती तारीख चुकवू नका. तुम्ही दोघं इथे राहता म्हणून इथल्या कोर्टाला अधिकार आहे, लग्न कुठेही लागलेलं असो. 6 एप्रिल 2022 पासून इथे कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. अर्जानंतर 20 आठवड्यांनी पुढची पायरी, त्यानंतर किमान 6 आठवड्यांनी अंतिम आदेश. तुम्ही गप्प बसलात म्हणून हे थांबणार नाही.

पण माहेरच्यांचं सगळंच चूक नाही. भारताच्या सुप्रीम कोर्टाने 1991 मध्ये नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी खटल्यात सांगितलंय की हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावरचा परदेशी घटस्फोट भारतात सहसा मानला जात नाही. समोरच्या जोडीदाराने आपखुशीने तिथल्या कोर्टाचा अधिकार मान्य करून घटस्फोटाला संमती दिली असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणजे इकडे घटस्फोटित आणि तिकडे विवाहित अशी अवस्था खरोखर होते, आणि ती कळते दुसऱ्या लग्नाच्या वेळी किंवा वारसाहक्काच्या भांडणात. अशा केसमध्ये मी सुरुवातीलाच पुण्याच्या वकिलाचं लेखी मत मागवते. पोचेच्या फॉर्मवर काय लिहायचं, हे त्यावरून ठरवते. घाईत सही करू नका.

पैशांचा अर्ज वेगळा करावा लागतो. घटस्फोट मिळाला की वाटणीही झाली, असं नसतं. फॉर्म ई, म्हणजे आर्थिक माहितीच्या फॉर्ममध्ये दोघांनाही सगळं उघड करावं लागतं: पुण्याचा फ्लॅट, लॉकरमधले दागिने, एनआरआय खाती.

आणि लेकीला गुपचूप नेऊ नका, हे कळकळीने सांगते. वडिलांच्या संमतीशिवाय नेणं 1984 च्या बाल अपहरण कायद्याप्रमाणे इथे गुन्हा ठरू शकतो. भारत हेग करारात (परदेशी नेलेली मुलं परत पाठवण्याचा आंतरराष्ट्रीय करार) नाही म्हणून तिकडे धोका नाही, असं सांगणारे बरेच भेटतील. पण भारतीय कोर्टांनीही मुलांना परत पाठवण्याचे आदेश दिले आहेत. शिवाय इथल्या न्यायाधीशांचा तुमच्यावरचा विश्वास एकदा गेला की ताबा मिळवणं फार जड जातं.

एक सभासद:
मग दिवाळीला आजीकडेसुद्धा नेता येणार नाही का?

उत्तर:
नेता येईल. वडिलांची लेखी संमती घ्या, ईमेल चालेल. त्यात जाण्या-येण्याच्या तारखा, परतीचं तिकीट आणि आजीचा पत्ता असू द्या. ते नाहीच म्हणाले, तर कोर्टाकडे तेवढ्याच प्रवासाची परवानगी मागता येते. मात्र तिकिटं काढण्याआधी अर्ज करा.