जॅझ ट्रॉम्बोन: जे. जे. जॉन्सन आणि कर्टिस फुलर यांच्यापुढे कोणाला ऐकावं?

नवाश्रोता: ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस ऐकता ऐकता ट्रॉम्बोनपाशी पोचलो. जे. जे. आणि फुलर दोघंही आवडले, पण नाव न बघता ऐकलं तर कोण कुठला ते सांगता येत नाही. काय ऐकायचं नेमकं? आणि पुढची नावंही सुचवा, पण सोलो (एकट्याने सुचेल तसं रंगवणं) करणारेच हवेत.

तिरकिट: दोघांचे ब्लूज लागोपाठ लावा. माइल्सच्या 'वॉकिन' (१९५४) मध्ये जे. जे. आहे, जॉन कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन' (१९५७) मध्ये फुलर. दोन्ही १२ बारांचे (बार म्हणजे मात्रांचा एक गट), म्हणजे चौकट सारखीच. जे. जे. छोटा तुकडा घेतो आणि त्याचाच विस्तार करतो. कंप जवळजवळ नाही, स्वर सुटे. स्लाइडवर (ट्रॉम्बोनची मागेपुढे सरकणारी नळी) हे महाकठीण, कारण जीभ जरा उशिरा लागली की दोन स्वरांमध्ये घसरण ऐकू येते. म्हणून तर काहींना वाटायचं की हा व्हॉल्व्हवाला (नळी न सरकवता कळा दाबून स्वर बदलायचा) ट्रॉम्बोन वाजवतोय. फुलर मोकळा आहे. सूर जाड, तान अंगावर येते आणि लगेच दम घेते. मला स्वतःला फुलर जास्त जवळचा.

गंधार_पुणे: तिरकिट, सहमत. पण आधी जॅक टीगार्डन ऐकायला हवा. तो स्लाइड फार लांब नेतच नाही, बरंचसं काम ओठांवर. गाणंही तसंच, आळसावलेलं. वेग हवा असेल तर फ्रँक रोसोलिनो: खालून थेट वरच्या सप्तकात उडी, तीही हसत हसत. कार्ल फोंटाना तेवढाच जलद, पण जिभेच्या 'डूडल' तंत्रामुळे ('डूडल' म्हटल्यासारखी जीभ हलवत) कानाला मऊ.

नवाश्रोता: आभारी आहे! बॉब ब्रुकमायर कसा?

गंधार_पुणे: उत्तम, पण तो व्हॉल्व्हवाला. या तुलनेत नको.

तिरकिट: का नको? सोलो कसा रचतो ते बघायचंय ना? ब्रुकमायर गप्पा मारल्यासारखा वाजवतो, मध्येच टोमणा. जरूर ऐका.

खर्जप्रेमी: सगळे गुळगुळीत वाजवणारेच सुचवताय. घसरणीचीच मजा घ्यायची तर रॉझवेल रड. डिक्सीलँडमधून (जुन्या न्यू ऑर्लिन्स ढंगाचा जॅझ) आलेला माणूस, पुढे सॅक्सोफोनवाल्या आर्ची शेपबरोबर फ्री जॅझमध्ये (ठरलेली चौकट सोडून वाजवणं) तीच गुरगुर आणि ओढ घेऊन गेला. शिवाय आल्बर्ट मँगल्सडॉर्फ, जर्मनीचा. फुंकताना गळ्यातून दुसरा सूर गातो, आणि एकट्या वाद्यातून कॉर्ड (एकाच वेळी अनेक स्वर) निघते. पहिल्यांदा हेडफोनवर ऐका, नाहीतर घरचे विचारतील काय बिघडलंय.

नवाश्रोता: रडपासून सुरुवात करतो. टीगार्डन रविवारी.