शब्दचर्चा : रेडिओ केंद्राच्या ‘कॉल लेटर्स’ना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : शिकागोतली वर्तमानपत्रं आणि रेडिओ यांवरचा लेख मराठीत आणते आहे. तिथल्या प्रत्येक केंद्राला परवान्याबरोबर डब्ल्यूजीएन, डब्ल्यूएलएस अशी अक्षरं मिळतात, ती ‘कॉल लेटर्स’. पण मराठीत ‘कॉल लेटर आलं’ म्हणजे नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं! ‘आद्याक्षरे’ चालेल का?

उत्तर : काही ठिकाणी चालेल. डब्ल्यूजीएन म्हणजे ‘वर्ल्ड्स ग्रेटेस्ट न्यूजपेपर’, ‘शिकागो ट्रिब्यून’नं स्वतःला लावलेलं बिरुद. १९२४ मध्ये त्यांनी ते आपल्या रेडिओला दिलं, १९४८ मध्ये टीव्ही वाहिनीलाही. डब्ल्यूएलएस म्हणजे ‘वर्ल्ड्स लार्जेस्ट स्टोअर’. केंद्र सिअर्स या मोठ्या दुकानांच्या कंपनीनं काढलेलं. पण डब्ल्यूसीएफएल घ्या. त्यात ‘शिकागो फेडरेशन ऑफ लेबर’ ही कामगार संघटना आहे, पुढचा डब्ल्यू मात्र कुठल्याच शब्दाचा नाही. साधारणपणे मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या केंद्रांना डब्ल्यू, पश्चिमेकडच्यांना के. त्यातही केवायडब्ल्यू १९२१ मध्ये सुरू झालं ते शिकागोतच, म्हणजे पूर्वेला! १९३४ मध्ये ते फिलाडेल्फियाला गेलं, अक्षरं तीच घेऊन. म्हणून ‘आद्याक्षरे’ नको.

आणखी एक मत : आम्ही हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेनं बिनतारी संपर्क साधणारे, ‘कॉल साइन’ म्हणतो. आपल्याकडची बहुतेक व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होतात. रूढ शब्द आहे, तोच ठेवा. ‘संकेताक्षरे’ तर मुळीच नको, काहीतरी गुप्त लिपी असल्यासारखं वाटतं.

आणखी एक मत : मला ‘नाममुद्रा’ सुचवावीशी वाटते. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे दर तासाच्या सुमारास केंद्रानं आपली अक्षरं आणि गावाचं नाव सांगावं लागतं. ‘तुका म्हणे’ आलं की अभंग कुणाचा ते कळतं, तसंच हे. शिकागोतल्या कृष्णवर्णीयांसाठी १९६३ मध्ये डब्ल्यूव्हीओएन सुरू झालं, तेव्हा त्या अक्षरांचा अर्थ ‘व्हॉइस ऑफ द निग्रो’ असा होता. पुढे त्याच अक्षरांचा अर्थ ‘व्हॉइस ऑफ द नेशन’ झाला. एवढा जिव्हाळा ‘कॉल साइन’मध्ये येत नाही.

उत्तर : उपमा सुंदर आहे, पण नाममुद्रा रचणाऱ्याचीच असते, ती विकत घेता येत नाही. ट्रिब्यून वृत्तपत्र आणि डब्ल्यूजीएन २०१४ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांत गेले. आता त्या अक्षरांतलं वर्तमानपत्र केंद्राच्या घरातच नाही, तरी निवेदक दर तासाला डब्ल्यूजीएनच म्हणतात.

प्रश्नकर्ती : हे पटलं. परवाना आणि नियमांच्या परिच्छेदात ‘कॉल साइन’ ठेवते. डब्ल्यूव्हीओएनच्या प्रसंगी मात्र ‘नाममुद्रा’च लिहीन, त्या केंद्रानं तीच अक्षरं ठेवून अर्थ बदलला, तिथे दुसरा शब्द मला कोरडा वाटतो.